सत्तेचाळीसनं जातो

शून्याशी मालनचं एरवी काही वाकडं नव्हतं. उलट ज्या संख्येच्या शेवटी शून्य, ती फोडायला किती सोपी! तिचा राग होता तो एकाच शून्यावर, लाल शाईतल्या.

मुरबाडकडच्या गावात ती नववीला होती तेव्हाची ही गोष्ट. वार्षिक परीक्षेत बीजगणिताच्या पेपरात तिनं सगळी उत्तरं बरोबर लिहिली आणि पायरी एकही लिहिली नाही. लिहिणार काय? प्रश्न वाचता वाचता उत्तर समोर येऊन उभं राहायचं. पायऱ्या लिहायच्या तर आधी ते उत्तर विसरावं लागलं असतं. मास्तरांनी तिला वर्गात उभं केलं. “कुणाचं बघून लिहिलंस?”

“डोक्यात बघून,” ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला, मास्तरांचा पारा चढला आणि पेपरावर हे एवढं मोठं शून्य पडलं. वडील म्हणाले, नापास झाली ना, मग बास झाली शाळा. दोन वर्षांत मालन लग्न होऊन शहाडला आली. पण त्या दिवशी एक शब्द न बोलता, खाली मान घालून ती वर्गातून बाहेर पडली होती, ते तिला शून्यापेक्षा जास्त लागलं. आता बासष्टाव्या वर्षीही भांडी घासताना मध्येच तो वर्ग आठवायचा आणि हातातलं पातेलं जरा जास्तच आपटलं जायचं.

शहाडला तिनं एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. काम साधं होतं. सुताचं खोकं आलं की त्यावरचा दहा आकडी लॉट नंबर कागदावरच्या नंबराशी ताडायचा आणि शिक्का मारायचा. एक बाई कागद वाचणार, दुसरी खोकं. दहातला एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी खोकं भलत्याच गावाला जायचं. म्हणून मालन नव्या मुलींना सांगायची, नंबर नजरेनं वाचायचा नाय, बोटानं वाचायचा. नंबर जुळला की “जुळतो” म्हणायचं आणि पुढचं खोकं ओढायचं. मधल्या मिनिटभरात बाकीच्या बायका गाणी म्हणायच्या आणि मालन त्या नंबराला फोडायची. सातनं जातो का, अकरानं जातो का, तेरानं? पाढे तिला शंभरपर्यंत येत होते. “कशाला हे खूळ?” असं नवरा गुणाजी विचारायचा. “तुम्ही तंबाखू मळता, ती कशाला?” असं ती उलट विचारायची.

तिची नात संचिता यंदा नववीत. ठाण्याच्या एका गणितमित्र मंडळाच्या ‘अंकमेळ्या’ची जाहिरात तिनंच शोधून काढली. एका घरातली दोन माणसं, एक साठीच्या पुढचं आणि एक अठराच्या आतलं. मोबाइल नाही, कॅल्क्युलेटर नाही, फक्त कागद आणि डोकं.

“आजी, हे तुझ्यासाठीच बनवलंय यार त्यांनी!”

मालननं एकच गोष्ट विचारली. “पायऱ्या लिवायला लागतात का?”

“छे गं, फक्त आन्सर,” संचितानं न वाचताच ठोकून दिलं.

तर अशा थापेवर विसंबून मालन एका रविवारी सकाळी नवी इस्त्रीची साडी नेसून माजिवड्याच्या एका सभागृहात जाऊन बसली. दारातच मोबाइल एका पोह्यांच्या डब्यात जमा करून घेतले. मंचावर त्र्यंबक सर उभे होते. नौपाड्यातल्या तीन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलं होतं, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा सदरा, खिशाला लाल पेन. त्यांचं पहिलंच वाक्य असं:

“एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करतो. गुण पायऱ्यांना आहेत. नुसत्या उत्तराला नाहीत.”

मालननं नातीकडे पाहिलं. नात छतावरचे पंखे मोजत होती.

पण पोरगी हुशार. पहिल्या फेरीत आजीनं कानात उत्तर सांगितलं आणि नात त्या उत्तरापासून उलटी चालत आली, एकेक पायरी रचत. दुसऱ्या फेरीतही तेच. पन्नास जोड्यांतल्या शेवटच्या सहा जोड्यांत त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मालनच्या अंगावर काटा आला. आपलं नाव कुणी मोठ्यानं पुकारलंय, आणि तेही आकड्यांपायी, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ह्या वेळी खाली मान घालून बाहेर पडायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं. बक्षीस काय आहे हे तिनं विचारलंही नव्हतं.

शेवटची फेरी शंभर गुणांची, वेळ एक तास. सरांनी मंचावरच्या फलकावरचं कापड ओढलं. वीतभर उंचीचे दहा देवनागरी आकडे, मध्ये ना स्वल्पविराम ना जागा:

२१४७८४३६४७

“ही संख्या मूळ आहे की संयुक्त, ते ठरवा आणि कारण द्या,” सर म्हणाले. म्हणजे, एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानं पूर्ण भाग जातो का, ते सांगा.

फलक उघडल्या उघडल्या पुढच्या टेबलावर कुणीतरी हसलं. घोडबंदर रोडवरचे सलिल आणि त्यांची नात उर्वी. सलिलनी पस्तीस वर्षं कॉम्प्युटरात काढलेली. एकवीस, सत्तेचाळीस अशी सुरुवात, शेवटी सहाशे सत्तेचाळीस, एकूण दहा आकडे: हा तर जुना मित्रच! दोनचा एकतिसावा घात, वजा एक. अडीचशे वर्षांपूर्वी एका मोठ्या गणितज्ञानं दृष्टी जवळजवळ गेलेली असताना सिद्ध केलं होतं की ही संख्या मूळ आहे. सलिलनी दहा मिनिटांत तो सगळा इतिहास पायऱ्यांसकट लिहून काढला आणि चहा मागवला. बाकीच्या चार जोड्याही ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या भराभर लिहायला लागल्या.

संचितानंही ओळखलं. “आजी, हा प्राइम आहे! आमच्या कोडिंगच्या क्लासमध्ये हाच नंबर आहे. कॉम्प्युटरच्या एका खणात बसणारा सगळ्यात मोठा नंबर. मी लिहिते.” आणि तिनं कागदावर झोकात लिहिलंही: मूळ.

मालनचं तिकडे लक्ष नव्हतं. तिची तर्जनी हवेत, फलकाच्या दिशेनं, एकेका आकड्यावर टेकत चालली होती. मग डोळे मिटून ती कामाला लागली. सातनं पाच उरले. अकरानं चार. तेरानं एकच उरला, तेव्हा ती जरा चुकचुकली. सतरा, एकोणीस, तेवीस. एकोणतीसनंही एकच उरला. कारखान्यातली ती मिनिटं आठवली. तिथे पुढचं खोकं यायचं आणि भागाकार अर्धा राहायचा. आज अख्खा तास तिचा होता. ती घाई न करता एकेक दार ठोठावत निघाली.

“आजी, दे ना पेपर देऊन. सगळ्यांचं झालं.”

“थांब. माझं अजून एकेचाळीस चाललंय.”

एकेचाळीसनं गेलं नाही. त्रेचाळीसनं गेलं नाही. मग तिनं सत्तेचाळीस घेतले आणि अर्ध्या मिनिटानं तिचे डोळे टक्कन उघडले.

“जातो,” ती म्हणाली.

“काय जातो?”

“सत्तेचाळीसनं जातो. बाकी शून्य.”

संचिताचा चेहरा पडला. “आजी, प्लीज. हा प्राइम आहे. जगाला माहितीये.”

“जगानं भागून बघितलंय का?”

“हो! अडीचशे वर्षांपूर्वी!”

मालननं पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा भागताना मात्र तिचं मन डळमळलं. एवढी शिकलेली माणसं एका बाजूला आणि आपण नववी नापास. इतक्या वर्षांची सवय, पण वय झालं की डोकंही फसवतं. नातीच्या डोळ्यांत तर चक्क भीती होती. आजी आता आपलं हसं करणार, ही. ते पाहून मालनला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. “पाच मिनिटं राहिली,” मंचावरून आवाज आला. तिनं संचिताच्या हातातलं पेन काढून घेतलं, ‘मूळ’वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: संयुक्त. ४७ ने जातो. पायऱ्या मांडायला घेणार तोच घंटा झाली आणि कागद ओढून नेला गेला.

त्र्यंबक सरांनी निकाल मंचावरूनच वाचायला घेतला. पाच जोड्या: मूळ, मूळ, मूळ, मूळ, मूळ. सलिल-उर्वीच्या कागदाचं तर त्यांनी दोनदा कौतुक केलं. मग सहावा कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“खाडाखोड. पायऱ्या नाहीत. आणि उत्तरही चूक.” खिशातलं लाल पेन निघालं. मागच्या रांगेतूनही दिसेल असं शून्य त्यांनी त्या कागदावर काढलं.

“बट गुड ट्राय हं, मॅडम,” सलिल वळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण त्या ‘गुड ट्राय’नं मालनच्या कानशिलापर्यंत आग गेली.

“आजी, चल ना. बसूया,” संचिता पदर ओढत पुटपुटली. मालन उभी कधी राहिली होती ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, अगदी त्या वर्गासारखा. मान खाली जायला लागली, आणि तिनं ती वर उचलली.

“सर, भागून बघा,” ती म्हणाली.

“बाई, ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध झालेलं आहे. भागून बघण्याचा प्रश्नच येत नाही.”

“सिद्ध झालाय तो नंबर कुठाय?”

“म्हणजे?”

“तुमच्याजवळ कागदावर असेल ना लिहिलेला? आमच्याकडे दोघी वाचायच्या, एक कागद आणि एक खोकं. तुम्ही तुमचा कागद वाचा. मी हितला वाचते.”

सभागृहात खसखस पिकली. सर मात्र हसले नाहीत. त्यांना ते अपमानास्पद वाटलं असावं. “फलक करून आल्यावर मी स्वतः ताळा घेतला आहे,” ते म्हणाले. “नवांचा ताळा. पुस्तकातल्या संख्येच्या अंकांची बेरीज शेहेचाळीस. फलकावरच्या अंकांची बेरीज शेहेचाळीस. चूक होणं शक्य नाही.”

“नवांच्या ताळ्याला अदलाबदल दिसत नाय, सर,” मालन म्हणाली. हे तिला पक्कं माहीत होतं. “आकडे तेच, नुसती जागा बदलली, तर बेरीज तीच येती. खोक्यांचा ताळा घेऊन आम्ही एकदा अशेच फसलो होतो. वाचा ना सर. मोठ्यानं.”

सरांनी पिशवीतून जुनं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. “दोन अब्ज.”

“दोन अब्ज,” मालन फलकाकडे बोट करून म्हणाली.

“चौदा कोटी.”

“चौदा कोटी.”

“चौऱ्याहत्तर लाख.”

“अठ्ठ्याहत्तर लाख,” मालन म्हणाली.

सरांनी पुस्तकात पाहिलं, फलकाकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“त्र्याऐंशी हजार,” ते हळू आवाजात म्हणाले.

“त्रेचाळीस हजार,” मालन म्हणाली. “सहाशे सत्तेचाळीस जुळतात.”

चाराच्या आणि आठाच्या जागा बदलल्या होत्या. दहा आकड्यांतले दोन शेजारी, बाकी सगळं जिथल्या तिथे. सहा टेबलांवरच्या अकरा माणसांनी तो नंबर ओळखला होता आणि वाचला एकानंही नव्हता. संचिता तोंडावर हात ठेवून फलकाकडे बघत होती.

“एक मिनिट,” सलिल उभे राहिले. “नंबर चुकलाय, मान्य. मग राउंड कॅन्सल करा. आणि नंबर वेगळा आहे म्हणून तो सत्तेचाळीसनं जातोच असं थोडंच आहे? तो पण प्राइम असू शकतो.”

मालनला ते पटलं. माणूस बरोबर बोलत होता. तिच्याजवळ पुरावा काय, तर डोक्यातलं एक शून्य.

त्र्यंबक सरांनी पुस्तक मिटलं. “फेरी रद्द होणार नाही,” ते म्हणाले. “प्रश्न फलकावरच्या संख्येचा होता. उत्तर त्याच संख्येचं मोजलं जाईल.” मग ते मंचावरच्याच बाजूच्या फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि शाळेतल्यासारखा भागाकार मांडला. बाहेर सत्तेचाळीस, आत दहा आकडे.

“दोनशे चौदात सत्तेचाळीस चोक एकशे अठ्ठ्याऐंशी. बाकी सव्वीस.” खडू करकरला. “सात खाली. दोनशे सदुसष्ट. पाच वेळा. बाकी...”

“बत्तीस,” मालन जागेवरून म्हणाली.

सरांनी वजाबाकी केली. बत्तीस. “आठ खाली. तीनशे अठ्ठावीस. सहा वेळा. बाकी...”

“शेहेचाळीस.”

आता सगळे फळ्याकडे कमी आणि मालनकडे जास्त बघायला लागले. खडू तिच्यामागून चालला होता. नऊ वेळा, बाकी एकेचाळीस. आठ वेळा, बाकी सदतीस. सहा खाली आला आणि तीनशे शहात्तर झाले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना राहवलं नाही. “सत्तेचाळीस अठ्ठे तीनशे शहात्तर!” ते ओरडले. बाकी शून्य. पण अजून दोन आकडे शिल्लक होते. चार खाली, चारात भाग जात नाही, वर शून्य. मग शेवटचा सात खाली उतरला आणि फळ्यावर उरलं ते नुसतं सत्तेचाळीस.

“एक!” अख्खा हॉल ओरडला.

सरांनी एक लिहिला, वजाबाकी केली आणि खाली सावकाश, गोल, नीट शून्य काढलं. चार कोटी छप्पन लाख अठ्ठ्याण्णव हजार आठशे एक गुणिले सत्तेचाळीस. मालनच्या डोक्यात अर्ध्या तासापूर्वी येऊन बसलेलं उत्तर फळ्यावर उतरलं होतं.

टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही. उर्वी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती आणि सलिल तिला खाली ओढता ओढता स्वतःच वाजवायला लागले. संचितानं आजीच्या कमरेला मिठी मारली आणि तिथेच रडायला लागली. “सॉरी आजी, सॉरी, मी बघितलंच नाय गं नीट.” मालन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं ते समजत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती.

त्र्यंबक सर मंच उतरून स्वतः तिच्या टेबलापाशी आले. हाताला खडू लागलेला, हातात तो कागद. “मालनबाई, चूक माझी झाली,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांना ताळा शिकवला आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला. अकराचा ताळा घेतला असता तरी ही अदलाबदल सापडली असती.” मग अंगात मुरलेला मास्तर काही गप्प बसेना. “फक्त एक अडचण आहे. नियमानुसार पायऱ्या...”

“त्या तुमीच लिवल्यात की, सर,” मालन फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

सरांनी वळून फळ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकही न गाळता, त्यांच्याच वळणदार अक्षरात पायऱ्या होत्या. ते मोठ्यांदा हसले आणि त्यांच्यामागून सगळा हॉल हसला. हे हसणं मालनला मनापासून आवडलं.

त्यांनी लाल पेन काढलं आणि कागदावरचं शून्य खोडायला टोक टेकवलं. मालननं पटकन त्यावर हात ठेवला.

“खोडू नका, सर. ऱ्हाऊ दे ते. त्याच्या आधी काय लिवायचं ते लिवा.”

सरांनी वाकून त्या मोठ्या शून्याच्या डावीकडे एक लिहिला, त्याच्यापुढे आणखी एक शून्य काढलं आणि कागद तिच्या हातात दिला.

मालननं तो टेबलावर सपाट केला, तर्जनी ठेवली आणि एकेक आकडा वाचला. एक. शून्य. शून्य.

“जुळतो,” ती म्हणाली.